पडायचा सीन

उज्वलानं नवऱ्याचं काम पडद्यावर कधीच बघितलं नव्हतं. तिची तेवढी छातीच होत नव्हती. शिवतेज साताऱ्याकडचा, तालमीतला गडी. लग्नानंतर दोघं नवी मुंबईत, दिघ्यात भाड्याच्या खोलीत आली. ती रबाळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागली आणि तो सिनेमात हिरोच्या जागी उड्या मारायला. 'नभवीर'च्या पहिल्या दोन भागांत इमारतींवरनं झेपावणारा मुखवट्यातला वीर बहुतेक वेळा शिवतेजच असायचा. दुसऱ्या भागात त्याचं खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा उंचावरनं पडायचं नाही, असं वचन तिनं त्याच्याकडून घेतलं होतं.

"तिसऱ्यात नुसती मारामारी आणि पळापळ हाय," असं त्यानं सांगितलं होतं. शेवटचाच भाग, म्हणून ती धीर करून निघाली. सोबत निशिगंधा होती, घरमालकाची सून. शिवतेज दुसऱ्या शूटिंगसाठी हैदराबादला गेला होता. सकाळी फोनवर म्हणाला होता, "आज मोटारसायकलचं काम हाय. तुमी निवांत पिक्चर बघा."

वाशीच्या मॉलमधला दुपारचा शो गच्च भरला होता. नभवीर आला की पोरं शिट्ट्या मारत होती. शेवटी मात्र सगळं थेटर गप्प झालं. शहर वाचवायला नभवीर आपली सगळी शक्ती देऊन टाकतो आणि साध्या माणसासारखा टॉवरच्या टोकावरनं मागच्या मागं खाली जातो, असा तो प्रसंग होता.

पाठ दिसली आणि उज्वलानं खुर्चीचा हात घट्ट धरला. ती पाठ तिच्या ओळखीची होती.

तो हात पसरून पडत होता. अर्ध्यावर त्याच्या अंगाला एक हिसका बसला. पसरलेले हात झटकन आत आले आणि उजवा हात कमरेपाशी काहीतरी चाचपायला लागला. नभवीरच्या कमरेला चाचपण्यासारखं काहीच नव्हतं. शिवतेजच्या कमरेला मात्र दोर अडकवायचा पट्टा असायचा. त्यानंच एकदा जेवताना हसत सांगितलं होतं, की पडताना माणसाचा हात पट्ट्याकडे गेला तर समजायचं, काहीतरी हुकलंय.

थंडीत तो या तिसऱ्या भागाच्या शूटिंगवरनं आला तेव्हा बरेच दिवस पालथा झोपत होता. न्हाणीत घसरलो म्हणाला होता. पाठ काळीनिळी होती, आणि तिनं विश्वास ठेवून हळद लावली होती.

मागच्या रांगेतनं आवाज आला, "काय बंडल आहे यार! कॉम्प्युटरवर केलंय. खरा माणूस असा पडतो का?"

दोघंतिघं हसले. उज्वला दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली.

"काय झाला गो तुला?" निशिगंधा डोळे पुसत म्हणाली. "मेला तो, म्हनून रडतेस? पिक्चर हाय. पानी पी."

उज्वला उठली ती तडक बाहेर. दाराशीच तिनं शिवतेजला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तो काम चालू असताना फोन बंद ठेवतो हे तिला ठाऊक होतं, तरी ती लावत राहिली. मोटारसायकलचं काम खरं, हे तरी कशावरून?

शो सुटला आणि माणसांचा लोंढा बाहेर आला. सनी नावाचा एक यूट्यूबवाला माईक घेऊन समोर उभा होता. एकामागून एक जण त्याच्यापुढं येऊन मत देत होता.

"हिरोला मारायला नको होतं. तीन पिक्चर बघितले ते काय ह्यासाठी?"

"एक नंबर शेवट! आपण तर ढसाढसा रडलो."

"बाकी ठीक, पण पडायचा सीन फेक. मधेच हात काय हलवतोय, कायपण!"

सनीचा माईक उज्वलाच्या तोंडासमोर आला. "ताई, तुमाला कसा वाटला?"

तिनं नुसती मान हलवली आणि भिंतीकडं सरकली. मग तिनं शिवरामदादांना फोन लावला. शिवतेजला या धंद्यात आणलं ते त्यांनीच, आणि प्रत्येक शूटिंगला ते बरोबर असायचे.

"दादा, हे कुठं हायत?"

"वहिनी, काय नाही, टेन्शन घेऊ नका. तो वर आहे."

"वर म्हणजे?"

दादा अडखळले. "क्रेनवर. शॉट लागलाय."

 ती तिथंच फरशीवर बसली. "दादा, नभवीरच्या वेळी पट्टा सुटला होता ना?"

"ते आता नको, वहिनी." 

"त्यांना खाली उतरवा."

"आता नाही थांबवता येत, वहिनी. सगळं युनिट उभं आहे. मधेच हाक मारली तर त्याचं लक्ष उडेल."

"मग फोन ठेवू नका. तुमाला शपथ हाय."

दादांनी फोन तसाच खिशात टाकला असावा. कापडाची खसखस ऐकू आली, मग शिट्टी, मग कुणाचं तरी ओरडणं. उज्वलानं फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. इकडं कुणीतरी म्हणत होतं, पहिल्या भागाची सर नाही. एक लहान मुलगी बापाला विचारत होती, नभवीर परत येणार का? बाप म्हणाला, नाही बाळा, संपलं.

धप्प असा आवाज आला.

त्यानंतर काहीच नाही.  निशिगंधा तिच्या शेजारी वाकून काहीबाही विचारत होती, पण तिला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

मग टाळ्या वाजल्या, आणि जरा वेळानं दादांनी फोन त्याच्याकडं दिला असावा, शिवतेजचा धापा टाकणारा आवाज आला. "उजे? झालं. नीट झालं."

 मग त्यानं विचारलं, "पिक्चर बघितला? लोक काय म्हणतायत?"

"मी तुमचा हात बघितला," ती म्हणाली.

 तो हळूच म्हणाला, "बकल सुटलं होतं. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा थर होता म्हणून वाचलो. डायरेक्टर म्हणाला, इतकी खरी भीती कुणालाच जमायची नाही, हाच टेक ठेवू."

"लोक नकली म्हणत्यात. हसले."

 मग पलीकडनं शिवरामदादा म्हणाले, "चल रे, अजून एक टेक मागतायत."

"अहो, नका जाऊ," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

"दादा," शिवतेजचा आवाज आला, "मी नाही चढत. मला भ्या वाटतंय."

तालमीतल्या गड्यानं चारचौघांत असं बोलावं, हे दादांना पटेना. कोण तरी चिडून हिंदीत ओरडलं. शिवतेजनं तेच परत सांगितलं, या वेळी मोठ्यानं.

तो दोन दिवसांनी घरी आला. रविवारी म्हणाला, एकदा बघून येतो. एकटाच गेला आणि पिक्चर संपायच्या आधीच परत आला. उंबऱ्यावर बसून चपला काढता काढता म्हणाला, "मला नाही बसवलं गं. पडताना तेवढं कळलं नव्हतं."

तिनं त्याच्या हातात चहा दिला. 

आता तो जमिनीवरचीच कामं घेतो. बोलावणी कमी झालीत, आणि दादाही पूर्वीसारखे बोलत नाहीत. तो सांगतो ते खरं असतं, हे उज्वलाला कळतं. तरी फोन बंद लागला की ती कारखान्यातल्या सुपरवायझर बाईला सांगून दाराबाहेर येते आणि तो लागेपर्यंत उन्हात उभी राहते.