प्रवासास योग्य

परदेशात, टूनगॅबीला लेकीच्या घरी, मागच्या खोलीत बसून मुरलीधरराव दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज विद्वानांची पत्रं संगणकावर उतरवत. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आपण अजून निकामी झालो नाही एवढी खात्री पटावी, म्हणून ग्रंथालयाचं हे बिनपगारी काम त्यांनी घेतलं होतं. इथल्या वसाहतीत विद्यापीठाच्या नव्या अध्यासनावर कोणाला नेमावं हे ती मंडळी एकमेकांना लिहीत, आणि उमेदवाराच्या विद्वत्तेइतकीच त्याच्या तब्येतीचीही ग्वाही देत, कारण पुढे कित्येक आठवडे बोटीवर काढायचे असत. त्यांतल्या प्रोफेसर थॉर्नबींच्या पत्राचं शेवटचं वाक्य ठरलेलं: 'प्रकृती उत्तम, प्रवासास योग्य.' ज्याच्या ज्याच्यासाठी त्यांनी ते लिहिलं, त्यातला एकही इथे पोचला नव्हता. कोणी वाटेत तापाने गेला, कोणी बोटीत चढण्याआधी बंदरावरच कोसळला. म्हातारपणी माणूस नको ते जोडत बसतो, असं मुरलीधररावांनी स्वतःला बजावलं.

मंजिरी हसतच खोलीत आली.

"बाबा, शिवांगीच्या शिफारसपत्रात हे काय? 'प्रकृती उत्तम, प्रवासास योग्य'? अहो, टूवूंबाला ती कारने चाललीये, बोटीने नाही!"

"मी असं लिहिलेलं नाही."

तिने फोन पुढे धरला. वाक्य होतं, त्यांच्या सहीच्या अगदी वर. आणि पत्र कालच, मंजिरीच्याच मेलवरून, गेलं होतं.

शिवांगी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. टूवूंबातल्या एका खासगी संशोधन केंद्रात मुलाखतीसाठी ती उद्या एकटीच गाडी घेऊन निघणार होती. ही नोकरी हुकली तर व्हिसा संपून तिला परत जावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यांनी निवड समितीला दुसरं पत्र धाडलं: मुलीला फिट्स येतात, लांबचा प्रवास तिला झेपणार नाही, बोलावू नये.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"सर, इंटरव्ह्यू कॅन्सल केला त्यांनी! मला म्हणे फिट्स येतात. असं कोण सांगेल हो?"

"तू घरीच आहेस ना?"

"मग कुठे जाणार? संपलं सगळं."

ती हुंदके देत होती, आणि ते ऐकताना मुरलीधररावांना, स्वतःचीच शरम वाटावी इतकं हायसं वाटलं.

थोड्या वेळाने समितीचं उत्तर आलं. चार ओळींचं, अगत्याचं. वेळेवर कळवल्याबद्दल आभार मानून शेवटी लिहिलं होतं: 'आपली स्वतःची प्रकृती मात्र उत्तम असून आपण प्रवासास योग्य आहात, हे आपल्या पत्रातून समजलं. आनंद वाटला.'

आपलं पत्र पुन्हा उघडून पाहायचं त्यांना धाडस झालं नाही.

बाहेर गाडी सुरू झाली.

"बाबा," मंजिरीने हाक मारली, "चला, तुम्हाला जरा फिरवून आणते."