तीट

"सरळ उभ्या राहा, दोन्ही पायांवर वजन टाका," डॉक्टर म्हणाल्या आणि भक्तीच्या मांड्यांवर काळ्या पेनाने ठिपके काढू लागल्या. जिथे खळगा, तिथे ठिपका. मग कातडी बधिर करून त्या खळग्यांत सुईने फिलर भरायचं, म्हणजे मांडी सपाट दिसते.

कोपऱ्यात यशोदा पदर तोंडाशी धरून बसली होती. लेकीने तिला कुडाळला आणलं ते 'सोबतीक चल' एवढंच सांगून. बिचारीला वाटलं, पोरीच्या पोटात काही निघालं की काय! आणि इथे येऊन बघते तर हे!

"गो, तुझे पाय काय वायट आसत?" तिला राहवेना.

"तूच म्हणी होतंस ना? आंबोळी!"

यशोदा तसं म्हणायची खरी. सुकतीला पाणी ओसरल्यावर खाडीत तिसऱ्या-शिंपल्या वेचायला उतरलं की दहा वर्षांची भक्ती परकर खोचून सगळ्यांच्या पुढे. एकदा शेजारची सुभद्रा म्हणाली, "चेडवाचे पाय बघा गो, कसे केळीच्या गाभ्यासारखे!" यशोदा दचकलीच. थोरली लेक अशीच कोडकौतुकात तापाने गेली होती, आणि सगळं गाव दृष्ट लागली म्हणालं होतं. ती मोठ्याने म्हणाली, "कसले गो पाय! आंबोळी ती, नुसती भोका!" बायका हसल्या. पुढे कुणी कौतुक केलं की यशोदेचं हे ठरलेलंच. हळूहळू भक्ती पाण्यात उतरेनाशी झाली, सलवार घालून काठावर बसू लागली. यशोदेला वाटलं, पोर मोठी झाली.

"बाय, दिष्ट लागा नये म्हणान म्हणी होतंय गो," ती रडवेली झाली. "ता खरा नाय होता."

भक्ती भिंतीकडे बघत राहिली. "मग घराक इल्यार माका एकदा तरी सांगूक व्हया होता, आये."

रोज संध्याकाळी पोरीची वेणी घालायला बसायची की यशोदा! तेव्हा सांगायचं सुचलं नाही मेलं.

"करायचं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"करा," भक्ती म्हणाली.

काम आटोपल्यावर नर्स कापसाच्या बोळ्याने ठिपके पुसू लागली. "माझ्याकडे द्या," यशोदा म्हणाली. लहानपणी लेकीच्या गालावर ती काजळाची एकच तीट लावायची. आता दोन्ही मांड्या काळ्या ठिपक्यांनी भरल्या होत्या. एकेक ठिपका ती हलक्या हाताने पुसत गेली.

"बरे होते गो तुझे पाय, पयल्यापासून बरे होते," ती पुटपुटत होती.

भक्ती डोळे मिटून पडली होती. बधिर मांड्यांना आईचा हात लागलेला कळत नव्हता.