शामकलाची जाड स्वरपेटी

माझ्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही, असं शामकलानं मला बजावलं होतं. तरी सांगते. मी स्वरपेटी, तिच्या गळ्यात राहते. बाहेरून कूर्चेच्या भिंती, वर घास श्वासनलिकेत जाऊ न देणारी झडप आणि आत दोन पडदे. श्वास घेताना पडदे दूर होतात, बोलताना जवळ येऊन थरथरतात. माझे पडदे जरा जाड आहेत, म्हणून आवाज भारी.

सालेकशाच्या शाळेत तिनं पहिल्यांदा कविता म्हटली, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, उदाराम बोलून राहिला का?" उदाराम म्हणजे शाळेचा शिपाई. वर्ग हसला. त्या दिवसापासून तिनं मला कामच दिलं नाही. प्रार्थनेतही ती नुसते ओठ हलवायची. मी श्वासाची ये-जा बघत बसायची.

सत्तावन्न सालच्या चैत्रात ती मायसोबत दरेकशाच्या रानात मोहफुलं वेचायला गेली. पडलेली फुलं दिसावीत म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. त्या सकाळी वारा फिरला आणि आग वाळल्या गवतात शिरली. पलीकडच्या झाडाखाली माय एकटीच, पाठमोरी वाकून वेचत होती. मधे आग, धावत जायला वाट नाही. सोबत आलेली शेजारची तुलसाकाकी आणि बाकीच्या बाया ओरडल्या, पण त्यांचे बारीक आवाज वाऱ्यानं अर्ध्यातच उडवले.

शामकलानं पोटभर श्वास ओढला. माझे पडदे एकमेकांना भिडले.

"माय, नाल्यात उतर! आग येऊन राहिली!"

सारं रान घुमलं. मायनं मागं पाहिलं, टोपली तिथंच टाकली आणि नाल्याच्या कोरड्या रेतीत उडी घेतली. आग काठापर्यंत आली आणि विझली.

तासाभरानं माय वळसा घालून आली. लुगड्याला काजळी, बाकी धडधाकट.

"एवढा आवाज होता त मुकी काऊन राहिली वो?"

"पोट्टे हासतेत."

"हासू दे. त्याहिच्या हासन्यानं वाचली का मी?"

दुसऱ्या दिवशी शामकलानं वर्गात उभं राहून कविता म्हटली. दोघं हसले. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत म्हटली.

आता मोहाच्या दिवसांत रानभर पांगलेल्या बायांना घरी परतायची हाक मीच देते. टेकडीपलीकडून उत्तर येतं तेव्हा आनंद माझ्या पडद्यांत मावत नाही. कुणाच्या गळ्यात माझ्यासारखी एखादी गप्प बसली असेल, तर तिला माझं एवढंच सांगणं आहे, की बाई, तू...

"शामकले, ऊन चढलं वो. हाक दे बायाहिले," माय म्हणते.