पालथा पेला

मित्रांनो, मी एक जुना, कथलाचा पेला. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत थॉर्सगिल नावाचं गाव आहे. तिथल्या 'काळा मेंढा' या पबात, तुळईच्या खिळ्याला मी लटकलेला असतो. माझी एक बाजू चेपलेली आहे. हल्ली येणारी मंडळी मला बघून 'किती गोड' म्हणतात आणि फोटो काढतात. गोड कसला डोंबलाचा! माझी कहाणी ऐकलीत तर पुढ्यातलं मटण गळ्याखाली उतरणार नाही.

एका ओताऱ्यानं मला वितळवलं, साच्यात ओतलं, कानशीनं तासलं आणि कान डकवला. तिथून मी आलो तो या पबात. तेव्हा पब चालवायची डॉर्कस मेटकाफ. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगी, थर्झा. डॉर्कसच्या हाताला चव होती. कणकेच्या पारीत भाजलेलं मेंढीचं मटण, ओटच्या भाकऱ्या, खारवलेलं डुक्कर. पण थंडीच्या तोंडावर ती मागच्या अंगणात स्वतः डुक्कर कापायची. ते ओरडणं दरीच्या पार टोकाला ऐकू जायचं. रक्त धरायला भांडी कमी पडली की ती मलाच मानेखाली धरायची. त्या गरम रक्ताची ती रक्ती करायची, आणि राखेनं घासून संध्याकाळी मी पुन्हा बिअर द्यायला हजर. "गुणाचा आहे हा माझा," असं ती मला पुसताना म्हणायची. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

गिऱ्हाईक म्हणजे मेंढपाळ आणि शिशाच्या खाणीतले लोक. एकमेकांचं तोंड बघवायचं नाही त्यांना, आणि प्यायला मात्र एकाच छपराखाली यायचे. बाजाराच्या दिवशी मारामारी ठरलेली. दुसऱ्या दिवशी डॉर्कस जमिनीवर पसरलेल्या लाकडाच्या भुशाबरोबर दात झाडून काढायची. मात्र या मारामारीलाही रीत होती. बिअर संपवून पेला काउंटरवर पालथा घातला की त्याचा अर्थ एकच, 'इथल्या कुणालाही मी लोळवीन, कोण येतो ते या पुढे.' मग तिथल्या सगळ्यांत दणकट गड्यानं उठायचं. पालथा पेला सरळ करायचा अधिकार फक्त घालणाऱ्याला, आणि तो सरळ होईपर्यंत मध्ये कुणी पडायचं नाही. या रितीपायी मी जबडे मोडताना पाहिले, एकाचा डोळा गेलेला पाहिला.

दणकट गडी म्हणजे खाणीतला जेबेझ आल्डरसन. माणूस मनानं वाईट नव्हता हो. पण त्याच्यापुढे वर्षानुवर्षं कुणी पेला पालथा घातला नव्हता, आणि आपली सगळी किंमत त्यातच आहे असं त्याला वाटायचं.

एका बाजाराच्या दुपारी दारात एनॉस कॅल्व्हर्ट उभा राहिला. दगडी बांध रचणारा, खांदे बैलासारखे, पण स्वभावानं अगदी गरीब. दरीपलीकडच्या प्रार्थनाघरवाल्या ख्रिस्ती पंथातला होता तो. ती माणसं दारूला शिवत नाहीत, सगळे सणवार चहावर साजरे करतात. पबाचा उंबरठा त्यानं जन्मात पहिल्यांदा ओलांडला होता. कारण त्याला थर्झाला मागणी घालायची होती. थर्झाचा होकार होता, आता फक्त आईचा हवा होता.

"मावशी, मी थर्झासाठी आलोय," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

"ते दिसतंय मला," डॉर्कस हसून म्हणाली. "आधी घसा ओला कर, मग बोलू."

आणि तिनं मला काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवलं. बिचारा पेचात पडला. धर्म म्हणतो पिऊ नको, आणि होणाऱ्या सासूचा मान कसा मोडायचा? त्यानं डोळे मिटले आणि एका दमात मला रिकामं केलं. मग हातरुमालानं माझा काठ पुसला आणि मला अगदी अलगद पालथं घातलं.

सगळ्या पबातली डोकी काउंटरकडे वळली.

"एनॉस, तो पेला सरळ कर," डॉर्कस म्हणाली.

त्याला वाटलं, ही आणखी ओतणार. "नको मावशी, पुरे झालं."

"अरे, सरळ कर म्हणते ना."

"खरंच पुरे. आग्रह नका करू."

डॉर्कस मागे सरली. तिला वाटलं, पोरगा आपल्याला मर्दुमकी दाखवतोय. खरं सांगतो, तिच्या चेहऱ्यावर जरासा अभिमानही आला होता. माझ्या धातूला तोंड असतं तर मी कोकललो असतो, पण पेल्याचं कोण ऐकतो!

"ऐकलंत का?" जेबेझ बाही सारत उठला. "जावईबापू म्हणतायत, गप्पा पुरे."

एनॉस त्याच्याकडे बघून हसला, ओळख करून द्यायला हात पुढे केला, आणि पहिला ठोसा त्याच्या तोंडावर बसला. दुसऱ्यानं नाक फुटलं. एनॉस काउंटरवर आपटला, माझ्यावर रक्त उडालं. त्यानं हात उचललाच नाही. त्याच्या धर्मात ते बसत नव्हतं.

"मार की रे," जेबेझ ओरडला. "पेला पालथा घालतोस आणि उभा राहतोस? मला हसं करायला आलास?"

"मी काय केलं, ते तरी सांगा," एनॉस म्हणाला. तोंडात रक्त भरलं होतं, कुणाला ते नीट कळलंच नाही. जेबेझनं त्याला पोटात गुडघा मारला आणि पडल्यावर लोखंडी नाल मारलेल्या बुटानं बरगड्यांत लाथा घातल्या. बाकीचे बाकांवर चढून बघत होते. एनॉस कसाबसा उठला. पुढच्या ठोशानं तो मागे गेला आणि त्याचं डोकं चुलाणाच्या दगडी कडेवर आदळलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तेवढ्यात मागच्या दारातून थर्झा आली. तिनं रीतभात काही बघितली नाही. मला कानाला धरून उचललं आणि जेबेझच्या कपाळावर हाणलं. कातडी फाटली, तो खाली बसला. माझी बाजू चेपली ती तेव्हा. त्याचं मला दुःख नाही. दुःख एवढंच की तिला यायला उशीर झाला.

एनॉसला फळीवर घालून त्याच्या आईकडे नेलं. दिवस उजाडायच्या आत तो गेला.

सकाळी जेबेझ कपाळाला फडकं बांधून त्या घरी निघाला. जाताना तो पबात शिरला आणि का कोण जाणे, त्यानं मला कोटाच्या खिशात घातलं. एनॉसची आई, म्हातारी केझाया, तिला दिसायचं कमी. तिनं कोण, कुठला काही विचारलं नाही. मयताच्या घरी आलेल्याला त्यांच्यात चहा देतात, तसा तिनं दिला. जेबेझ प्यायला. तिनं पुन्हा ओतला. तो पुन्हा प्यायला. काय बोलावं, उठावं कसं, त्याला सुचेना. तिसऱ्यांदा ओतायला ती वाकली तेव्हा त्यानं कप मागे ओढला.

"अरे बाळा, नको असेल तर सांगावं," म्हातारी म्हणाली. तिनं त्याचा कप घेतला आणि बशीत पालथा घातला. "आमच्यात असं करतात. पुरे झालं, देवाच्या दयेनं पोट भरलं, असा त्याचा अर्थ."

जेबेझ त्या कपाकडे बघत राहिला. मग एवढा मोठा गडी जमिनीवर बसला आणि गुरासारखा रडायला लागला. "मावशी, मीच मारलं त्याला," तो म्हणाला.

म्हातारीनं हातातली किटली खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "माझ्या लेकानं तुला 'पुरे' म्हणून सांगितलं नव्हतं का रे?"

"सांगितलं होतं. पेल्यानंही सांगितलं आणि तोंडानंही सांगितलं."

तिथूनच तो आपल्या पायांनी फौजदाराकडे गेला आणि तुरुंगातच मेला. थर्झा पबात राहिली नाही, ती केझायाला सांभाळायला गेली. डॉर्कसनं मला परत आणून या खिळ्याला अडकवलं. त्यानंतर तिनं मला कधी पुसलं नाही, आणि या काउंटरवर कुणाला पेला पालथा घालू दिला नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली आहे. असू द्या, मला घासायला कुणी नको. माझी विनवणी निराळीच आहे. समोरच्या माणसाचं वागणं अंगावर आल्यासारखं वाटलं, तर मूठ वळण्याआधी त्याला विचारा, 'बाबा रे, याचा अर्थ काय?' त्या दुपारी भरल्या पबात हे एकालाही सुचलं नाही. विचारलं असतं, तर त्याच दुपारी एनॉसचं लग्न ठरलं असतं.