वजन आलेली कुदळ

मी एक जुनी कुदळ आहे. मात्र मित्रांनो, मला शोधायला अडगळीच्या खोलीत जाऊ नका. मी लोखंडाची नाही आणि माझा दांडाही लाकडाचा नाही. मी संगणकावरच्या एका खेळात राहते. माझ्यासारखीने आपलं आयुष्य सांगावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तरी सांगते. कंटाळा आला तर मध्येच सोडून जा, मी रागावणार नाही.

माझा जन्म मारुंजीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये झाला. तिथे निरंजन आणि मिनल हे दोघे खेळ बनवतात. निरंजन मालक, तर मिनल खेळातले डोंगर, पाणी, माती घडवणारी. आमच्या खेळाचं नाव 'खाणगाव'. डोंगर खोदायचा, दगड, कोळसा, तांबं गोळा करायचं आणि त्यातून आपलं गाव वसवायचं, असा तो खेळ.

मिनलने मला घडवलं तेव्हा मी पिसासारखी हलकी होते. दोन-तीन घाव घातले की दगडाचा चौकोनी ठोकळा सुटायचा आणि टुणकन उडी मारून खेळाडूच्या पिशवीत जायचा. त्या पिशवीत अख्खा डोंगर मावत असे. खालचा दगड काढला तरी वरचा हवेत तसाच तरंगत राहायचा. मी कधी बोथट झाले नाही आणि मला फिरवणारा कधी दमला नाही.

त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. आकुर्डीच्या कॉलेजांतली मुलं मला फिरवायची, चाकणला निघालेल्या कंपनीच्या बसमधले कामगार फिरवायचे. डोंगर संपला की ते नवा डोंगर मागायचे. पुढे पुढे तेही मागेनासे झाले. मी एका कोपऱ्यात पडून राहिले. माझ्यात काहीतरी कमी आहे असं मला वाटायचं, पण काय ते कळत नव्हतं.

ते मिनलला कळलं. ती मोशीकडच्या दगडखाणी पाहून आली आणि तिने मला वजन दिलं. आता माझं टोक झिजू लागलं, मला खेळातल्या लोहाराकडे नेऊन पाजवून आणावं लागे. पिशवी भरली की माल वर पोचवल्याशिवाय पुढे खोदता येत नसे. छताला लाकडी टेकू द्यावे लागत. टेकू कमी पडले तर छत आधी कुरकुरे, मग माती गळे आणि मग कोसळे. त्याखाली कुणी सापडलं तर ते पूर्वीसारखं क्षणात जिवंत होत नसे. हवा असेपर्यंत सोबत्यांनी त्याला उकरून काढायचं, नाहीतर त्याने कमावलेलं सगळं गेलं.

निरंजन घाबरला. लोक खेळायला येतात, राबायला नाही, असं तो म्हणाला. बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं की रविवारी दोन जुन्या खेळाडूंना बोलवायचं. ते वैतागून उठले तर नवी खाण पुसून टाकायची आणि जुनी हलकी कुदळ परत आणायची. मिनलने शांतपणे सांगितलं, की तसं झालं तर तीही काम सोडून जाईल. मित्रांनो, खेळाबाहेरचं मला दिसत नाही, पण माइकमधून सगळं ऐकू येतं. त्या आठवड्यात मी फार भ्याले.

रविवारी आकुर्डीहून रविराज आणि त्याची धाकटी बहीण आम्रपाली आली. तो चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबायचं मशीन चालवतो, ती दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला आहे. दोघं शेजारी शेजारी बसली. रविराजने मला उचललं आणि थोड्याच वेळात मिनलला म्हणाला, "काय ताई, घरी आल्यावर पण ओव्हरटाइमच का?"

निरंजनची खुर्ची मिनलच्या बाजूला करकरली.

आम्रपाली मात्र मागच्या एका फाट्यात टेकू देत देत आत गेली होती. रविराजला समोर तांब्याची जाड शीर दिसली आणि त्याला हाव सुटली. मी बोथट झाले होते, तरी तो मला लोहाराकडे नेईना. त्याचे टेकू संपले. तेव्हा त्याने मागचा, त्या फाट्याच्या तोंडाचा एक टेकू काढला आणि पुढे शिरेजवळ लावला. काम थांबता कामा नये, ही त्याची शॉपमधली सवय. तिथे मशीनचं हात वाचवणारं गार्ड मध्ये येतं म्हणून काढून ठेवतात, तसा त्याने तो टेकू काढला.

छत कुरकुरलं. मी ऐकलं. त्याने ऐकलं नाही.

मागे फाट्याचं छत कोसळलं, आम्रपाली आत गाडली गेली आणि तिचा पडदा काळा झाला. कोपऱ्यात हवेची निळी पट्टी तेवढी राहिली, तीही आखडू लागली. रविराज धावला आणि ढिगाऱ्यावर मला दणादण मारू लागला. प्रत्येक घावाला वरून आणखी दगड येत होते. मी ओरडू शकत नव्हते. माझ्याजवळ फक्त तो घावाचा पोकळ आवाज होता, ढब, ढब.

"दादा, थांब," आम्रपाली म्हणाली. आवाज हळू होता. "मारू नकोस. आधी टेकू लाव."

"टेकू कुठंय माझ्याकडं?"

"तांब्याजवळ लावलायस की तो."

तो टेकू काढला की तांब्याची शीर गाडली जाणार होती. दुपारभर ज्याच्यासाठी घाम गाळला तेच तांबं. निळी पट्टी बोटाएवढी उरली होती. रविराज क्षणभर थांबला. मग वळला, टेकू काढला आणि मागे शीर कोसळल्याचा मोठा आवाज झाला. त्याने वळूनही पाहिलं नाही. ढिगाऱ्याच्या तोंडाशी टेकू उभा करून तो मला हलक्या हाताने, कडेकडेने चालवू लागला. माझं टोक पार गेलेलं होतं. मी निकामी ठरते की काय, या भीतीने माझा जीव अर्धा झाला. एक दगड सरकला, मग दुसरा. आम्रपालीच्या पडद्यावर उजेड आला तेव्हा पट्टी जवळजवळ दिसत नव्हती.

 मग आम्रपाली म्हणाली, "तुझ्या मशीनवर पण असंच करतोस ना?"

रविराजने मला लोहाराकडे नेऊन पाजवायला दिलं.

निरंजनने दोघांना विचारलं, की छत पडणं काढून टाकू का, पूर्वीसारखं सोपं करू का.  

"छत पडू द्या," रविराज म्हणाला. "पण पडायच्या आधी कुरकुरतं ना, तो आवाज वाढवा सर. आमच्यासारख्याला ऐकू येईल एवढा."

मिनलने खुर्ची ओढली आणि त्याच वेळी तो आवाज वाढवायला घेतला. निरंजन तिच्या मागे उभा राहून "अजून थोडा, अजून थोडा" म्हणत होता.

तर मित्रांनो, मी अजून आहे. आता मी जड आहे आणि पुष्कळजण माझ्यावर वैतागतात. त्यांचंही चुकत नसेल. माझं सांगणं एवढंच आहे, की हातातलं हत्यार बोथट झालं तर त्याच्यावर जोर काढू नका, त्याला पाजवून आणा. आणि डोक्यावर काही कुरकुरलं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि आपल्या मागे आत कोण आहे ते आधी पाहा.