शंभराच्या पुढे

मी थर्मामीटर बोलतोय. पुस्तकात मला तापमापक म्हणतात म्हणे. पण त्या नावानं आजवर कुणी हाक मारली असेल तर शपथ! अंगानं बोटभर, पोटात बटणाएवढा सेल आणि स्वभाव सडेतोड. समोर राव असो की रंक, आहे तो आकडा सांगून मी मोकळा.

या घरात मी आलो तो मुलीला दात येत होते तेव्हा. मालकीणबाई शिवणकाम करतात. मुलगी मोठी झाली आणि माझी रवानगी शिलाई मशीनच्या खणात झाली, रिळं, खडू आणि सुट्या हुकांच्या सोबतीला. तक्रार नाही. आमचा धंदाच असा, की माणसं आम्हाला विसरलेली बरी.

मग एका वर्षी दोन संकटं हातात हात घालून आली. बाईंच्या मानेजवळ गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली. आणि त्याच महिन्यात महामारीनं सगळ्यांना घरात कोंडलं. दुकानांत थर्मामीटर औषधालाही मिळेना. साहेबांनी खण उपसला, मला नवा सेल घातला आणि मी टीं करून जागा झालो.

साहेब म्हणजे बाईंचे यजमान, पेशानं मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता बायकोचा ताप मोजू लागले. इस्पितळातल्या नर्सनं फोनवर बजावलंच होतं, "केमोनंतर अंगातली जंतूंशी लढायची ताकद तळाला जाते. ताप शंभराच्या पुढे गेला की वाट बघायची नाही. तडक इथं आणायचं." तेव्हापासून रोज सकाळी सातला मी बाईंच्या जिभेखाली आणि साहेब वही घेऊन समोर.

बाईंना मात्र इस्पितळाची धास्ती बसली होती. घरच्या माणसाला आत सोडत नव्हते ना! "तिथं एकटीनं मरायचं नाही मला," असं त्या मशीनवर वाकून पुटपुटायच्या. ऐकायला मी एकटा.

तिसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस. बाई उठल्या त्या अंगात कणकण घेऊनच. साहेब दाढी करत होते. तेवढ्यात बाईंनी फ्रीजमधलं गार पाणी चांगलं दोन मिनिटं तोंडात धरलं आणि मग मला जिभेखाली घेतलं. मी काय करणार? जीभ सांगेल तेच मी सांगणार. सत्त्याण्णव! आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो हो मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी आकडा लिहिला नाही.

"अगं, रोज साडेअठ्ठ्याण्णव असतो. आज एवढा खाली? कुठलातरी हद्दीचा दगड सरकलाय."

"तुमचा थर्मामीटरच म्हातारा झालाय."

"असेलही. पण आमच्या मोजणीत एका टोकाकडून मोजलं की दुसऱ्या टोकाकडूनही मोजतात. बस अर्धा तास माझ्यासमोर. खायचं नाही, प्यायचं नाही."

बसले दोघं. बाईंचा चेहरा उतरत गेला. मग पुन्हा मी. एकशे एक.

"पाणी प्यायलीस?"

"तोंडात धरलं होतं. भांडा आता!" म्हणून बाई रडायलाच लागल्या. "मला तिथं एकटीला सोडून याल तुम्ही."

साहेब भांडले नाहीत. "आत सोडणार नाहीत हे खरं. पण फाटकाबाहेर उभं राहायला कुणाच्या बापाची बंदी आहे?"

नऊ दिवस इस्पितळात राहिलो आम्ही, बाई खाटेवर आणि मी पर्समध्ये. महामारी नव्हती, साधाच जंतू होता, पण ओसाड गावी एरंड बळी! "आणखी एक दिवस काढला असतात तर अवघड होतं," नर्स म्हणाली. साहेब रोज फाटकाबाहेर घडीचं स्टूल टाकून बसायचे. बाई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बोटांनी आकडा दाखवायच्या. आधी नऊ, मग पुन्हा नऊ, म्हणजे ताप नव्व्याण्णव. साहेब खालून मान डोलवून वहीत लिहायचे. वॉचमन वैतागला आणि शेवटी त्यांना सावलीत बसा म्हणाला.

आता सहा केमो झाल्या, दोन राहिल्यात. केस गेले, पण स्वतः शिवलेल्या टोप्या बाईंना झकास दिसतात. शेजारणींनाही तशाच हव्यात. मी टेबलावर, चष्म्याच्या शेजारी असतो. घरात पुन्हा हसणं-खिदळणं आहे. मी सुखात आहे. मागणं एकच: मला आकडा खरा सांगू द्या. तो कटू असेल, पण तुमच्याच बाजूचा असतो.

आज सकाळी साहेब अजून दातच घासत होते. बाईंनी आपणहून मला उचललं, मिनिटभर डोळे मिटून बसल्या आणि मग चष्मा लावून वाचलं.

"अहो, शंभराच्या पुढे गेलाय. आवरा, गाडी काढा."

बाई उठल्या. चपला घातल्या, पिशवी घेतली. दारात मुलगी उभी होती, तोंड एवढंसं करून. बाईंनी तिच्या गालाला हात लावला.

"येते गं," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.

मी पर्समध्ये आहे. बरंय मंडळी, मीही येतो.