झाकण वर आलं तेव्हा

मी बरणी बोलतेय. आता रिकामी आहे म्हणून मोकळेपणाने बोलता येतंय. भरलेली होते तेव्हा तोंड घट्ट बंद होतं, आणि बोलायला हवं होतं ते नेमकं तेव्हाच.

माझा जन्म भट्टीतला. जाड काच, रुंद तोंड, त्यावर पत्र्याची चकती आणि ती दाबून धरणारं फिरकीचं कडं. माझ्यात गरम पदार्थ भरून झाकण लावलं आणि नीट शिजवलं, की गार होताना चकती आत ओढली जाते आणि टक् असा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, वर्षभर काळजी नाही. ताईंना तो आवाज फार आवडायचा. ओट्यावर आम्हाला ओळीने मांडून त्या हातातलं काम सोडून ऐकत बसायच्या.

ताई म्हणजे या घरातली थोरली बहीण. कपडे शिवून त्यांनी धाकट्या भावाला वाढवलं. स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं आणि पुढे कुणी विषयही काढला नाही. दोघं लहान असताना एकदा गावात टंचाई पडली होती. घरात धान्य नव्हतं, तेव्हा साखरपाणी पाजून त्यांनी भावाला झोपवलं होतं. भावाला त्यातलं काही आठवत नाही. ताईंना मात्र सगळं आठवतं, आणि म्हणूनच या घराची कोठीची खोली कायम गच्च भरलेली असायची. तांदूळ, डाळी, मीठ, तेल, काड्यापेट्या, आणि फळीवर आम्ही बरण्या, खांद्याला खांदा लावून.

ताईंचा नियम एकच होता. जुनं संपल्याशिवाय नवं उघडायचं नाही. आता जुनं कधी संपायचंच नाही, त्यामुळे परसात लालबुंद टोमॅटो लगडलेले असताना घरातली माणसं गेल्या वर्षीचे टोमॅटो खायची. भावजय एकदा हसत म्हणाली, "ताई, आपण ताजं कधी खायचं हो?" ताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की पुन्हा तिने तो प्रश्न विचारला नाही. छापखान्यात दिवसभर उभी राहून दमून येणारी बाई ती, घरात कुठे वाद घालत बसणार?

गेल्या उन्हाळ्यात माझ्यात फरसबी भरली. आंबट फळांना साधी उकळी पुरते. शेंगांचं तसं नसतं, त्यांना कुकरातल्या वाफेचा दाब लागतो, नाहीतर बंद बरणीत हळूहळू विष तयार होतं. नेमकं त्याच दिवशी कुकरचं रबर गेलं. दुकानात नवं मिळेना आणि निवडलेल्या शेंगांची टोपली तर समोर. ताई जरा घुटमळल्या. मग मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, आम्हाला त्यात सोडलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उकळलं. टक् आवाज तेव्हाही आला. ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र धीर वाटत नव्हता.

कोठीत जागा उरली नव्हती, म्हणून ताईंनी माझ्या डोक्यावर सफरचंदाच्या फोडींची बरणी ठेवली. काही आठवड्यांतच माझ्या पोटात बारीक बुडबुडे उठू लागले. चकती वर यायला धडपडत होती, पण वरच्या बरणीचं वजन तिला उठू देईना. ओरडावं असं फार वाटायचं. बरणीला ओरडता आलं असतं तर आणखी काय हवं होतं?

मग पावसात पूल खचला. गावात गाड्या येईनात आणि दोन दिवसांत दुकानं रिकामी झाली. आमच्या घरात मात्र चूल निवांत पेटत होती, कुणाला कसली घाई नव्हती. जेवायला बसल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तू होतीस म्हणून." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या साठवणीचं कुणी कौतुक केलं होतं. ताईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजीला शेंगा काढायच्या म्हणून त्या कोठीत आल्या.

त्यांनी माझ्या डोक्यावरची बरणी उचलली आणि माझी चकती फुगून वर आली. ताईंनी अंगठ्याने ती दाबली. ती खाली गेली आणि पुन्हा वर आली. त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिली. तरीही मला त्या स्वयंपाकघरात घेऊन आल्या. कडं फिरवलं, तर चकती काहीही जोर न लावता हातात आली. त्यांनी वास घेतला. वाईट वास नव्हताच. हे विष असंच असतं, मुकाट. मग त्यांनी चव बघायला चमचा माझ्यात बुडवला, आणि माझ्या काचेला घाम फुटला.

तेवढ्यात भावजय ताटं न्यायला आत आली. "ताई, झाकण आपोआप निघालं का?"

"नाही गं, मी सोडवलं," ताई म्हणाल्या.

भावजयीने मान डोलावली आणि ताटं उचलली. बाहेरून भाची, भावाची लेक, ओरडली, "आत्या, भूक लागली."

ताईंनी चमचा खाली ठेवला. बाहेर जाऊन त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "या शेंगा खायच्या नाहीत. त्या दिवशीची एकही बरणी उघडायची नाही."

भाऊ म्हणाला की वास तर छान येतोय, चांगल्या उकळून घेऊ. शिवाय अशा दिवसांत अन्न टाकायचं?

"कुकरचं रबर गेलं होतं. मला माहीत होतं. तरी मी भरल्या," ताई म्हणाल्या. भावजय उठून त्यांच्याजवळ गेली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

परसात खोल खड्डा खणून ताईंनी आम्हाला एकेक करून त्यात रिकामं केलं. कुणाला हात लावू दिला नाही. पूल सुरू होईपर्यंत घरातल्यांनी उकडलेले बटाटे आणि भात खाल्ला. उपाशी कुणी राहिलं नाही. तसं बघितलं तर काहीच झालं नाही.

मला पुन्हा पुन्हा उकळून खिडकीत पालथी घातलीय. इथून जेवणाचं टेबल दिसतं. ताई कोठीत पाऊल टाकत नाहीत. घरात ताज्या भाज्या येतात, भावजय रांधते, ताई वाढतात. वाढून झालं की बसत नाहीत. भाचीच्या तोंडात गेलेला प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत तिच्याकडे बघत उभ्या राहतात. जेवून सगळे उठतात, ताट उचलतात, हात धुतात. ताईंचं ताट कोरडंच असतं. त्या म्हणतात, मी मागाहून बसते, आणि सगळ्यांना ते खरं वाटतं.

माझं तोंड आज उघडं आहे, पण माझं ऐकतंय कोण? तुम्ही ऐकत असाल तर एवढं करा. आत जा, त्यांच्या हातातली पळी काढून घ्या आणि म्हणा, ताई, आता तुम्ही जेवा.